थेट प्रक्षेपणातील विलंब : दोष कोठे शोधावा?

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला आणि तो ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला. अमेरिकेचा 'एटीएस-६' हा उपग्रह त्यासाठी वापरण्यात आला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी कार्यक्रम पाठविण्यात आले व तेथे सामुदायिक संच बसविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर व रायचूर हे जिल्हे होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एक तालुका होता आणि त्या जिल्ह्याची शीव गुलबर्ग्याला, आजच्या कलबुर्गीला, लागूनच होती. शिवेपलीकडच्या गावात संध्याकाळी दिसणारे चित्र छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तितकेच अंतर खाली येत असे. प्रकाशाच्या वेगानेही या प्रवासास सुमारे पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदाची कोणीही तक्रार केली नाही. पाहणाऱ्याने पाहावे, ऐकावे आणि घरी जावे, एवढीच अपेक्षा होती. उलट बोलण्याची सोय त्या संचात नव्हती.

आज परिस्थिती नेमकी येथेच बदलली आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झालेल्या लातूर जिल्ह्यात काय, किंवा शेजारच्या नांदेड जिल्ह्यात काय, कॅमेरा, लॅपटॉप आणि इंटरनेटची जोडणी यांच्या साहाय्याने एखादी सभा, वर्ग किंवा मार्गदर्शन दूरवर थेट दाखविणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. मार्च २०२० नंतर शाळा-महाविद्यालये बंद असताना शिक्षकांनी हाती असेल त्या साधनाने वर्ग घेतले. 'लातूर पॅटर्न'च्या नावलौकिकामुळे ज्या शहरात बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकावयास येतात, त्या शहराला हा अनुभव विशेष जवळून घ्यावा लागला. त्या दिवसांत एक इंग्रजी शब्द घरोघर पोचला : 'लॅग'. चित्र मागे पडते, आवाज पुढे जातो, माणूस बोलता बोलता पुतळ्यासारखा थिजतो, या सर्व तक्रारी त्या एकाच शब्दात कोंबल्या जातात. खरे पाहता हे तीन निरनिराळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत.

विलंबाची किंमत काय असते?

समजा, निलंगा तालुक्यातील एखाद्या गावी ग्रामसभा चालू आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी वाचली जात आहे आणि सभेचे थेट प्रक्षेपण गावाबाहेर असलेल्या ग्रामस्थांसाठी सुरू आहे. पुण्यात बांधकामावर असलेली एक बाई मोबाइलवर ती सभा पाहत आहे. प्रक्षेपणात पंचवीस सेकंदांचा विलंब आहे, याची कल्पना तिलाही नाही आणि व्यासपीठावरील कोणालाही नाही. आपले नाव वगळले गेले हे तिच्या लक्षात येते, तेव्हा सभेत अध्यक्षांनी "कोणाची हरकत?" असे विचारून, दहा सेकंद थांबून, पुढील विषय घेतलेला असतो. ती प्रश्न लिहिते किंवा फोन लावते, तोवर ठराव इतिवृत्तात उतरलेला असतो. प्रक्षेपण पाहणे म्हणजे सभेस हजर असणे नव्हे, हे मान्य. परंतु सभा दूरच्यांसाठी दाखवावयाची आणि त्यांचा शब्द मात्र नेहमी ठरावानंतर पोचावयाचा, यात दाखविण्याचा हेतूच निघून जातो. हीच गोष्ट शिक्षकाच्या "समजले का?" या प्रश्नाची. जळकोटच्या किंवा किनवटच्या विद्यार्थ्याचे "नाही सर" फळा पुसल्यावर ऐकू आले, तर त्या उत्तराचा उपयोग किती?

अंतराला दोष देऊ नये

"आमचे गाव दूर, म्हणून चित्र उशिरा येते," असे पुष्कळदा ऐकू येते. हा समज प्रथम दूर केला पाहिजे. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लातूर ते मुंबई हे सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर त्याला एका सेकंदाच्या चारशेव्या भागात पार करता येते. केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रे लागतात, हे सर्व जमेस धरूनही हा काळ काही शतांश सेकंदांचाच राहतो. उपग्रहाच्या मार्गाने गेल्यास पाव सेकंद. मग पंचवीस सेकंद येतात कोठून? ते अंतरातून येत नाहीत. चित्र ठिकठिकाणी थांबवून ठेवले जाते, आणि त्या थांब्यांतून ते साठत जातात. म्हणून शोध घ्यावयाचा तो या थांब्यांचा.

कार्यालयांत मात्र अनेकदा पहिला विचार नवा कॅमेरा घेण्याचा होतो. दरपत्रके मागविली जातात, कॅमेरा येतो, आणि विलंब जागच्या जागी राहतो. खर्चाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी अर्धा तास मोजमापास दिला, तर पुष्कळदा प्रस्तावाची गरजच उरत नाही.

मोजावे कसे?

मोजण्याची रीत अत्यंत साधी आहे. एका मोबाइलवर सेकंदाचे शतांश दाखविणारे स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरावा. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या घड्याळाचे चित्र दिसेल. आता खरे घड्याळ आणि पडद्यावरील घड्याळ ही दोन्ही एकाच चौकटीत येतील अशा रीतीने दुसऱ्या मोबाइलने छायाचित्र काढावे. दोन आकड्यांतील फरक हाच त्या टप्प्यापर्यंतचा विलंब होय. एका छायाचित्रावर विसंबू नये. पाच-सहा घेऊन पाहावे.

हे मोजमाप टप्प्याटप्प्याने करणे महत्त्वाचे आहे. प्रथम कॅमेरा व लॅपटॉप एवढेच, इंटरनेट बंद ठेवून. येथे दशांश-दोन दशांश सेकंदाचा फरक आला, तर तो क्षम्य समजावा. अर्धा सेकंद किंवा अधिक आला, तर दोष खोलीतच आहे आणि इंटरनेट पुरविणाऱ्याकडे तक्रार करण्याचे कारण नाही. त्यानंतर प्रक्षेपण सुरू करून त्याच खोलीत, पण वेगळ्या जोडणीवरील मोबाइलवर ते पाहावे व पुन्हा फरक घ्यावा. शेवटी खरोखर दूरच्या गावी एक माणूस बसवून त्याला साध्या फोनवर जोडून घ्यावे. येथे कोणी हात वर करावा, आणि त्याला तो दिसताच त्याने फोनवर "आता" म्हणावे. साध्या फोनला लागणारा काळ इतका थोडा असतो की, सेकंदांच्या हिशेबात तो सोडून देता येतो.

या तीन आकड्यांवरून दोष खोलीत आहे, जोडणीत आहे की ज्या सेवेमार्फत प्रक्षेपण होते त्या सेवेत आहे, हे बहुधा स्पष्ट होते.

खोलीतील दोष

खोलीत सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते ती गोष्ट म्हणजे उजेड. साधा वेबकॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो. परंतु खोली अंधारी असेल, तर प्रत्येक चित्रासाठी पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून तो झडप अधिक वेळ उघडी ठेवतो. तीस चित्रांची पंधरा होतात, कधी दहा. हात हलविला की त्याची पुसट रेघ उमटते आणि पाहणारा म्हणतो, "कॅमेरा लॅग मारतो." मराठवाड्यातील शाळांत उन्हाच्या तिरिपीमुळे दुपारी खिडक्या लावून घेण्याची चाल आहे, फळ्यावर मग एका दिव्याचा काय तो उजेड. वक्त्याच्या समोरून प्रकाश येईल अशी एक नळी लावली, त्याची पाठ खिडकीकडे नाही ना हे पाहिले, आणि कॅमेऱ्याच्या मांडणीतील कमी प्रकाशात वेग घटविण्याची सोय बंद केली, की एक पैसाही न खर्चता चित्र सुधारते. त्याच मांडणीत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ निवडलेली असावी. अनेक कॅमेरे मूळ ६० हर्ट्झवर असतात. आपल्याकडील दिव्यांखाली त्यामुळे चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या तारेची. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला तीस वेळा, प्रत्येक ठिपक्यास सोळा बिट याप्रमाणे पाठवावयाचे, तर सेकंदाला सुमारे ९९.५ कोटी बिट होतात. जुन्या प्रकारच्या यूएसबी जोडणीची कमाल मर्यादा ४८ कोटींची. दुप्पट भार त्या वाटेने जाणे शक्यच नाही. म्हणून कॅमेरा चित्र आधीच आटवून पाठवितो. परंतु संगणकातील कार्यक्रमात चुकून 'न आटविलेले' चित्र निवडले गेले असेल, तर चित्रांची संख्या सेकंदाला पाचापर्यंत घसरते. कॅमेरा नवा, संगणक नवा, आणि चित्र मात्र ठेचकाळणारे, असे कोडे पडले की प्रथम ही निवड तपासावी : 'वायूवाय-२' ऐवजी 'एमजेपेग' हा प्रकार घ्यावा, किंवा चित्र ७२० रेषांवर आणावे. कॅमेरा निळ्या तोंडाच्या वेगवान जोडणीत लावता येत असेल, तर तेही करून पाहावे. ग्रामसभेतील माणसांचे चेहरे ७२० रेषांतही ओळखू येतात.

त्यानंतर लॅपटॉप. चित्र आटविणे हे संगणकाला दमविणारे काम आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना पत्र्याच्या सभागृहात, सतरंजीवर ठेवलेला लॅपटॉप वीस-पंचवीस मिनिटांत तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो. सभेची सुरुवात निर्वेध आणि अर्ध्या तासाने अडखळ, अशी तक्रार असेल, तर संशय येथेच घ्यावा. लॅपटॉप टेबलावर, खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. तो विजेवर जोडलेला असावा, कारण बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप शक्ती वाचविण्यासाठी मंद होतात. उन्हात उभा केलेला मोबाइलही याच कारणाने मंदावतो.

आवाज आणि ओठ

आवाज व चित्र यांचा मेळ चुकणे हा स्वतंत्र दोष आहे. सभागृहातील ध्वनिक्षेपकाची तार सरळ लॅपटॉपला जोडलेली असते. तो आवाज ताबडतोब पोचतो. चित्र मात्र कॅमेऱ्यातून आणि रूपांतर करणाऱ्या डबीतून दशांश-दोन दशांश सेकंद उशिरा येते. परिणामी शब्द आधी, ओठ नंतर. निसर्गात असे कधी घडत नाही. चौतीस मीटर अंतरावरील माणसाने घण मारला, तर त्याचा आवाज आपल्याला सुमारे एक दशांश सेकंद उशिरा येतो, आणि त्याची आपल्याला सवय आहे. म्हणूनच आवाज मागे राहिला तर मन ते खपवून घेते, पुढे गेला तर खटकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हा भेद मान्य केला आहे : आवाज सुमारे ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला तरी तो जाणवतो, मागे राहिला तर १२५ सहस्रांशांपर्यंत सहसा जाणवत नाही.

उपाय उलटा वाटेल, पण तोच खरा आहे. चित्र घाईने पुढे आणता येत नाही, म्हणून आवाज थोडा मागे धरावयाचा. प्रक्षेपणाच्या बहुतेक संगणकीय कार्यक्रमांत ध्वनीला ठरावीक सहस्रांश सेकंद थांबविण्याची सोय असते. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ती मुद्रित करावी, हात भिडलेले चित्र आणि टाळीचा आवाज यांतील फरक पाहावा, आणि तेवढे अंतर द्यावे. चित्रपटाच्या चित्रीकरणात दृश्यापूर्वी पाटीवर पट्टी आपटतात ती याचसाठी. याउलट आवाज मागे पडत असेल, तर मध्ये कोठे ब्लूटूथचा ध्वनिक्षेपक किंवा कर्णयंत्र आहे का ते पाहावे; ते काढून तार लावली की काम भागते.

आणखी एक किरकोळ वाटणारा उपद्रव. सभेत बसलेले कोणी उत्साहाने तेच प्रक्षेपण आपल्या मोबाइलवर आवाजासह लावते. मग वीस सेकंदांपूर्वीचे सरपंच आत्ताच्या सरपंचांवर बोलू लागतात.

जोडणी : भरण्याची नव्हे, सोडण्याची क्षमता

२०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय काचतंतू जाळ्याचे पुढे 'भारतनेट' असे नामकरण झाले. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेणे हा त्याचा उद्देश. जेथे ती केबल चालू आहे तेथे प्रक्षेपणासाठी तीच वापरावी. मात्र वेग तपासताना एक चूक सर्रास होते. आपण पाहतो तो आकडा माहिती उतरवून घेण्याचा असतो. प्रक्षेपणाला हवा असतो तो माहिती वर पाठविण्याचा. मोबाइलच्या जोडणीत पहिला आकडा भरघोस आणि दुसरा अगदी तुटपुंजा असे वारंवार आढळते. विहिरीला पाणी किती हे न पाहता मोटेचा आकार पाहावा, त्यातला हा प्रकार.

७२० रेषांच्या चित्रास सेकंदाला अडीच ते चार मेगाबिट लागतात. ४८० रेषांच्या चित्राचे काम एक मेगाबिटच्या आसपास भागते. पाठविण्याची जी क्षमता मोजून येईल, तिच्या निम्म्याहून फारसे अधिक प्रक्षेपणासाठी धरू नये. पूर्ण क्षमता वापरली की मार्गात थोडा अडथळा येताच माहिती लॅपटॉपमध्येच तुंबते, आणि तुंबलेली प्रत्येक क्षणाची माहिती विलंबात भर घालते. यात्रेत किंवा मोठ्या सभेत शेकडो मोबाइल एकाच मनोऱ्यावर बोजा टाकतात. आदल्या संध्याकाळी रिकाम्या पटांगणात मिळालेला वेग तेव्हा मिळत नाही.

पंचायत कार्यालय आणि सभागृह यांमध्ये भिंत असेल, तर वायफायवर विसंबू नये. नेटवर्कची साधी तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आणि ती एकदा टाकली की त्या बाजूची काळजी मिटते. वीज गेल्यास लॅपटॉप चालू राहतो, पण राऊटर व केबलच्या टोकाची पेटी बंद पडते. इन्व्हर्टरची एक तार त्या दोघांना दिलेली असावी.

चित्र तुटण्याचे आणखी एक कारण आहे. संक्षेपणात प्रत्येक चित्र पूर्ण पाठविले जात नाही. एक पूर्ण चित्र, आणि त्यानंतर केवळ काय बदलले तेवढेच, अशी ही पद्धत. वाटेत काही हरवले, की पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोनी तुकडे दिसत राहतात. पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी जाईल अशी मांडणी असावी. भिंतीवर बसविण्याच्या सुरक्षा-कॅमेऱ्यांत हे अंतर बरेच मोठे ठेवलेले असू शकते, म्हणून ते सभेसाठी वापरताना विशेष पाहावे.

प्रक्षेपण आणि संवाद

इतके सर्व नीट करूनही विलंब वीस सेकंदांवर राहिला, तर घाबरून जाऊ नये. तो दोष नसून त्या पद्धतीचा स्वभाव असण्याचा संभव अधिक. हजारो लोकांना एकाच वेळी दाखविणाऱ्या सेवा चित्राचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करतात, आणि पाहणाऱ्याचे यंत्र बहुधा असे तीन तुकडे हाती आल्यावरच दाखवू लागते. सहा त्रिक अठरा सेकंद तेथेच गेले. त्या बदल्यात चित्र अडखळत नाही. यूट्यूबसारख्या सेवांत कमी विलंबाची निवड उपलब्ध असते. तिने काळ बराच घटतो, पण कमजोर जोडणीवर चित्र थांबण्याचा धोका वाढतो.

संवादाचे माप मात्र निराळे आहे. दूरध्वनीवरील संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने म्हटले आहे. एवढ्या मर्यादेत राहावयाचे, तर तुकड्यांची पद्धत उपयोगी नाही. त्यासाठी दूरस्थ बैठकीची व्यवस्था हवी. तेव्हा ज्या वर्गात विद्यार्थ्याने विचारावयाचे आहे, ज्या मार्गदर्शनात शेतकऱ्याने सोयाबीनचे पान कॅमेऱ्यासमोर धरून रोग विचारावयाचा आहे, तेथे बैठकीची पद्धत घ्यावी. भाषण, सत्कार, ध्वजवंदन यांना प्रक्षेपण पुरे आहे. ग्रामसभेला दोन्हींची गरज पडते : पाहणाऱ्या सर्वांसाठी प्रक्षेपण, आणि बोलू इच्छिणाऱ्यांसाठी एक फोन.

प्रत्येक विलंब वाईटच असतो असेही नाही. न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणास सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने तत्त्वतः मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज लोकांना पाहता येऊ लागले. यासंबंधी २०२१ मध्ये तयार झालेल्या आदर्श नियमांच्या मसुद्यात दहा मिनिटांचा विलंब हेतुपुरस्सर सुचविला होता. प्रसिद्ध होऊ नये असे काही बोलले गेले, तर ते अडविता यावे म्हणून. फरक इतकाच की, तेथे विलंब किती व कशासाठी हे लिहून ठेवलेले आहे.

ग्रामसभेलाही हेच करता येईल. मोजलेला विलंब सभेच्या आरंभी जाहीर करावा. तो वीस सेकंद असेल, तर हरकती मागविल्यावर अध्यक्षांनी घड्याळ पाहून किमान एक मिनिट थांबावे. वीस सेकंद चित्र पोचण्यास आणि उरलेले फोन लावण्यास. सभागृहात बसलेल्यांना ते मिनिट लांबलचक वाटेल आणि मागच्या रांगेतून "चला पुढे" अशी हाकही येईल. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने कारण एकदा सांगावे. चाचणीचे तीनही आकडे तारखेसह एका वहीत नोंदविले, तर पुढच्या सभेला तुलना करता येते आणि यंत्रणा बिघडू लागल्याचे आधीच कळते. चाचणी सभेच्या दिवशी, सभेच्याच वेळेस, माणसे जमू लागल्यावर घ्यावी. हरकती स्वीकारणाऱ्या फोनचा क्रमांक कॅमेऱ्याच्या चौकटीत येईल असा मोठ्या अक्षरांत कापडी फलकावर लिहावा, तो फोन व्यासपीठावरच एका सदस्याच्या हाती द्यावा, आणि त्याची घंटी चालू आहे ना, एवढे पाहावे.